'फँटम मेनेस' कुठे फसला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

'स्टार वॉर्स'चे पहिले तीन चित्रपट (कथाक्रमाने चौथा, पाचवा आणि सहावा भाग) १९७७, १९८० आणि १९८३ साली आले. त्यानंतर १९ मे १९९९ रोजी जॉर्ज लुकस यांनी त्या कथेच्या आधीची कथा, म्हणजे प्रीक्वेल, पडद्यावर आणली : 'एपिसोड वन – द फँटम मेनेस'. खलनायक डार्थ व्हेडर एकेकाळी अ‍ॅनाकिन स्कायवॉकर नावाचा लहान मुलगा होता, त्या मुलाची ही गोष्ट. या चित्रपटाबद्दल इतके प्रश्न आले की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. उत्तरांमध्ये एपिसोड एक ते सहा या सहाही चित्रपटांतले उलगडे येतात. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी फक्त पाहण्याच्या क्रमाबद्दलचं उत्तर वाचावं आणि बाकीचं नंतरसाठी ठेवावं.

प्रश्न : हा मुलगा पुढे व्हेडर होणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. मग प्रीक्वेल फसणारच होता, नाही का?

अजिबात नाही. कर्ण मरणार हे ठाऊक असतं, तरी युद्धाआधी कुंती त्याला भेटायला येते तो प्रसंग ऐकताना जीव वरखाली होतोच. शेवट माहीत असला की 'काय होणार' हा प्रश्न गळून पडतो आणि 'कसं झालं, कोणामुळे झालं' हा प्रश्न उरतो. या प्रश्नाचं उत्तर देणं हेच प्रीक्वेलचं काम.

आता १९७७च्या चित्रपटात काय सांगितलं होतं ते आठवा. म्हातारा ओबी-वान हा जेडाय, म्हणजे योद्धा-साधू, नायक ल्यूकला सांगतो की तुझे वडील उत्तम वैमानिक होते आणि माझे चांगले मित्र होते. १९८३मध्ये तो आणखी सांगतो की त्यांना, म्हणजे अ‍ॅनाकिनला, शिकवण्याची जबाबदारी मी आपणहून घेतली आणि तिथेच माझं चुकलं. म्हणजे मोडणार आहे ती गोष्ट कोणती? या दोघांची मैत्री. प्रेक्षक तीच बघायला आले होते.

'फँटम मेनेस'मध्ये काय होतं? नाबू ग्रहाच्या राणीचं यान बिघडून टॅटुइन ग्रहावर उतरतं. ओबी-वानचे गुरू क्वाय-गॉन जिन वस्तीकडे निघतात. सोबत नाबूवरच्या गंगन जमातीचा विनोदी जार जार बिंक्स, आर-टू हा रोबो आणि दासीच्या वेशातली राणी पद्मे अमिडाला. ओबी-वान मात्र यानातच थांबतो. वॉटोच्या भंगाराच्या दुकानात अ‍ॅनाकिन भेटतो तो क्वाय-गॉनना. आपल्या घरी तो जेवायला नेतो तेही त्यांनाच, आणि त्याची आई विश्वास टाकते तीही त्यांच्यावरच. या सगळ्या काळात ओबी-वान बिनतारी संदेश घेतो आणि रक्ताचा एक नमुना तपासतो. गुरू कोणालातरी सोबत आणतायत हे कळल्यावर त्याची प्रतिक्रिया असते, की आणखी एक बापुडा जीव आपण गोळा केलेला दिसतोय! पुढे खलनायक डार्थ मॉलच्या हल्ल्यातून वाचून क्वाय-गॉन यानात येऊन पडतात, धापा टाकत दोघांची ओळख करून देतात, दोघं हात मिळवतात, आणि दृश्य संपतं. ज्या नात्यावर सहा चित्रपटांचा डोलारा उभा आहे, त्याची सुरुवात एवढीच.

याची भरपाई पुढच्या चित्रपटाला करावी लागली. २००२च्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये दोघं लिफ्टमध्ये उभे राहून जुन्या मोहिमेच्या आठवणी काढतात, कोणी कोणाला कुठल्या संकटातून वाचवलं त्यावरून हसतात. तो आपल्याला न दिसलेला चित्रपट. प्रेक्षकाला तोच हवा होता.

प्रश्न : जार जार बिंक्स नसता तर चित्रपट चांगला झाला असता, असं सरसकट म्हटलं जातं. तुम्हाला पटतं?

अर्धंच. पात्र म्हणून त्याच्यात गंभीर दोष आहेत. त्याची बोली आणि लडबडती चाल कृष्णवर्णीयांची टवाळी करणाऱ्या जुन्या विनोदी साच्यांची आठवण करून देते, ही टीका १९९९मध्येच झाली होती आणि ती रास्त आहे. वॉटो आणि ट्रेड फेडरेशन या व्यापारी संघाचे अधिकारी यांच्याबद्दलही असेच आक्षेप आले होते.

पण पटकथेच्या अंगाने बघितलं तर खरी अडचण वेगळी आहे. १९७७च्या चित्रपटाची सुरुवात दोन विनोदी रोबोंपासून होते, आणि त्यांच्यातल्या एकाच्या पोटात चोरलेला आराखडा असतो. म्हणजे विनोद आणि कथानक एकाच पात्राच्या खांद्यावर. जार जारच्या वाट्याला कथानकातलं असं कळीचं काम फार थोडं येतं. आमच्याकडे मोठं सैन्य आहे, असं तो पद्मेला सांगतो तेव्हा तो कथा पुढे नेतो. एरवी तो अडखळतो, जीभ बाहेर काढतो, वस्तू पाडतो. शेवटच्या लढाईत त्याच्या पायात अडकलेल्या मोडक्या रोबोची बंदूक आपोआप सुटते आणि शत्रू पडतात. त्याच वेळी वर अंतराळात अ‍ॅनाकिनही चुकून शत्रूच्या यानात शिरतो आणि चुकूनच ते उडवतो. चार आघाड्यांच्या शेवटात दोन आघाड्यांवर यश योगायोगाने मिळतं. जार जारला कापून टाकलं तरी दुसरा योगायोग तसाच राहतो.

दोष नटाला देऊ नये, हे आम्हाला ठासून सांगावंसं वाटतं. जार जार साकारणारा अहमद बेस्ट पोशाख चढवून, डोक्यावर पात्राचं लांबट मुंडकं बांधून प्रत्यक्ष सेटवर बाकीच्या नटांसमोर उभा राहिला. त्याच्या हालचाली नोंदवून त्यांवर अ‍ॅनिमेटरांनी डिजिटल पात्र चढवलं. पुढच्या काळातली कितीतरी संगणकीय पात्रं याच पद्धतीने घडली. त्या काळी झालेल्या हेटाळणीमुळे जीव देण्याचा विचार मनात आला होता, असं त्याने २०१८मध्ये जाहीरपणे सांगितलं. अ‍ॅनाकिन साकारणाऱ्या लहानग्या जेक लॉइडच्या वाट्यालाही फार कडवटपणा आला. नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी जे संवाद लिहिले, ते लिहिणाऱ्याचे होते.

प्रश्न : सुरुवातीला व्यापारी मार्गांवरचा कर, नाकेबंदी, करार, मग संसदेतला ठराव... राजकारण डोक्यावरून जातं. सोपं करून सांगाल?

सांगतो, कारण चित्रपटातली सर्वांत हुशार गोष्ट इथेच पुरली गेली आहे.

पाल्पटीन हा नाबू ग्रहाचा सिनेटर. गुप्तपणे तोच डार्थ सिडियस, जुन्या चित्रपटांतला दुष्ट सम्राट. कराच्या वादाचं निमित्त करून तो ट्रेड फेडरेशनला स्वतःच्याच ग्रहाची नाकेबंदी करायला लावतो. प्रजासत्ताकाचा प्रमुख, चॅन्सलर व्हॅलोरम गुपचूप दोन जेडाय पाठवतो, तर सिडियस त्यांना मारायचा आणि ग्रहावर सैन्य उतरवायचा हुकूम देतो. राणी अमिडालाने करारावर सही केली की आक्रमण कायदेशीर ठरणार. पण राणी निसटते आणि राजधानी कोरुसांटला पोहोचते. पाल्पटीन तेही पथ्यावर पाडून घेतो : व्हॅलोरमवर अविश्वासाचा ठराव मांड, असं तो तिच्या कानात घालतो. ठराव येतो, आणि नाबूबद्दलच्या सहानुभूतीवर स्वार होऊन पाल्पटीन चॅन्सलर होतो. राणीने सही केली असती तरी त्याचा फायदा आणि नाही केली तरी फायदाच.

मग कंटाळा का येतो? एक म्हणजे, कर कोणी कोणावर लावला आणि नाकेबंदीतून फेडरेशनला नेमकं काय मिळणार, हे चित्रपट सांगतच नाही. १९७७च्या सुरुवातीच्या मजकुरात चोरलेला आराखडा, पळणारी राजकन्या आणि ग्रह उडवणारं शस्त्र होतं. लहान मुलालाही पणाला काय लागलंय ते कळत होतं. दुसरं, समोर दिसणारा शत्रू, फेडरेशनचा म्होरक्या नूट गनरे, पहिल्या दृश्यापासून घाबरलेला आहे, त्यामुळे धाक बसत नाही. तिसरं आणि महत्त्वाचं : पाल्पटीन आणि सिडियस एकच आहेत हे चित्रपट उघड करत नाही. ज्यांनी जुने चित्रपट पाहिलेत त्यांना ते ठाऊक असतं (दोन्ही भूमिका इयन मॅकडियार्मिड यांच्याच), नवख्याला नसतं. गुपित प्रेक्षकाला सांगून पात्रांपासून लपवलं असतं, तर राणी पाल्पटीनचा सल्ला ऐकते त्या दृश्यात अंगावर काटा आला असता.

शेवटच्या मिरवणुकीतलं मुलांचं आनंदी समूहगान पुन्हा ऐका. जॉन विल्यम्स यांनी १९८३च्या चित्रपटातल्या सम्राटाच्या भयाण धुनेलाच मेजर स्केलमध्ये नेऊन ते बांधलं आहे. लोक विजय साजरा करतायत आणि संगीत सांगतंय की जिंकला कोण. पटकथेला जे साधलं नाही ते संगीताने केलं.

प्रश्न : मिडी-क्लोरियनवर एवढा राग का?

पहिल्या चित्रपटांत 'फोर्स' म्हणजे सगळ्या सजीवांतून निर्माण होणारं, सगळ्यांना बांधून ठेवणारं ऊर्जाक्षेत्र होतं. साधनेने ते कळायचं. 'फँटम मेनेस' म्हणतो की पेशींमध्ये राहणारे सूक्ष्मजीव फोर्सची इच्छा आपल्यापर्यंत पोहोचवतात आणि त्यांची संख्या रक्तातून मोजता येते. अ‍ॅनाकिनचा आकडा २०,०००च्या वर निघतो, जेडाय गुरू योडाच्याही वर.

तर्काने बघाल तर जुन्या व्याख्येशी याचा थेट विरोध नाही. सूक्ष्मजीव हे फोर्स नव्हेत, निरोपे आहेत. बिघाड नाट्याचा आहे. ही तपासणी टॅटुइनवरच्या वेगवान यानांच्या शर्यतीच्या आदल्या रात्री होते. दुसऱ्या दिवशी माणसांना जी शर्यत झेपत नाही ती हा मुलगा जिंकणार आहे. म्हणजे त्याची असामान्यता डोळ्यांनी दिसणारच आहे. त्याच्या आधी आकडा सांगून टाकला की शर्यत हा पुरावा राहत नाही, केवळ दुजोरा ठरते. तपासणीचं दृश्य पूर्ण काढून बघा, कथानकाचा एकही टाका उसवत नाही.

प्रश्न : अ‍ॅनाकिनला सोडवलं, मग त्याच्या आईला गुलामगिरीत तसंच का ठेवलं? नंतरही कोणी परत का गेलं नाही?

चित्रपटापुरतं उत्तर असं : क्वाय-गॉनकडे प्रजासत्ताकाचं चलन आहे आणि वॉटो ते घेत नाही. शर्यतीवर आणखी एक पैज लागते. क्वाय-गॉन दोघांनाही मागतात, वॉटो एकालाच पणाला लावतो. फासा टाकला जातो, निळा आला तर मुलगा, लाल आला तर आई. क्वाय-गॉन फोर्स वापरून निळा पाडतात. म्हणजे निवड त्यांनीच केली आणि ती कोणालाही सांगितली नाही.

त्यानंतरचं उत्तर चित्रपटाकडे नाही. क्वाय-गॉन मरतात हे खरं; पण ज्या राणीचा ग्रह या मुलामुळे वाचला ती एक यान पाठवू शकली असती. दहा वर्षांनंतरच्या कथेत ही आई, श्मी, टस्कन टोळीच्या छळाने मरते आणि अ‍ॅनाकिनच्या अधःपाताची ती पहिली पायरी ठरते. एवढ्या मोठ्या घटनेचा पाया 'कोणालाच सुचलं नाही' यावर उभा आहे. जेडाय परिषदेने 'जेडायने मागची नाती तोडायची असतात' म्हणून श्मीच्या सुटकेला स्पष्ट नकार दिला, असं एकच वाक्य असतं तर हाच दोष बलस्थान झाला असता. जेडायच्या नियमांतला निष्ठुरपणा दिसला असता आणि अ‍ॅनाकिनच्या रागाला पत्ता मिळाला असता.

प्रश्न : द्वंद्वाच्या वेळचं समूहगान संस्कृतमध्ये आहे हे खरं का?

खरं आहे. 'ड्युएल ऑफ द फेट्स' या रचनेसाठी जॉन विल्यम्स यांनी एका जुन्या वेल्श कवितेतल्या ओळी, रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या इंग्रजी रूपावरून, संस्कृतात करून घेतल्या. मग उच्चाराच्या वजनाप्रमाणे शब्द पुढेमागे केले, पुन्हा पुन्हा वापरले. त्यामुळे अन्वय लावायला बसू नका, हाती काही लागणार नाही. मोठे स्वर आणि जोरकस व्यंजनं यांसाठीच ती भाषा निवडली होती. वादन लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचं.

प्रश्न : सगळं संगणकावर केल्यामुळे चित्रपट निर्जीव वाटतो का?

सगळं संगणकावर केलेलंच नाही. सुमारे १९५० शॉटमध्ये दृश्य-करामती आहेत, पण त्यांच्या मुळाशी लहान प्रतिकृतींचं प्रचंड काम आहे. नाबूवरच्या थीड शहराच्या धबधब्यांसाठी बारीक मीठ ओतून त्याचं चित्रण केलं. शर्यतीच्या मैदानातली दूरची गर्दी म्हणजे रंगवलेल्या, टोकाला कापूस लावलेल्या काड्या. राजवाडा इटलीतल्या कासेर्ताचा, वाळवंट ट्युनिशियातलं.

निर्जीवपणा येतो तो संवादांच्या दृश्यांत. पात्रं येतात, उभी राहतात किंवा सोफ्यावर बसतात, माहिती सांगतात, जातात. त्यात भर म्हणून लुकस यांनी संकलनात एक नवी सोय सढळ हाताने वापरली : एकाच चौकटीत दिसणाऱ्या दोन नटांची वेगवेगळ्या टेकमधली कामं संगणकावर जोडायची. डावीकडचा नट तिसऱ्या टेकमधला, उजवीकडचा सातव्या. प्रत्येकाचं उत्तम काम निवडलं जातं, पण समोरच्याच्या आवाजातल्या चढउतारावर उमटणारी बारीकशी प्रतिक्रिया त्यात हरवते. नीसन (क्वाय-गॉन), मॅकग्रेगर (ओबी-वान), नॅटली पोर्टमन (पद्मे) यांच्यासारखे नट एकमेकांना ऐकतच नाहीत असं जे वाटतं, त्यामागे हे एक कारण आहे. लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही लुकस यांच्याचकडे होतं आणि पैसाही त्यांचाच, त्यामुळे अडवणारंही कोणी नव्हतं. १९८०च्या भागात दिग्दर्शन अर्विन कर्शनर यांचं आणि पटकथा ली ब्रॅकेट व लॉरेन्स कॅसडन यांची होती, हे लक्षात घ्या.

प्रश्न : मी संकलन शिकतेय. शेवटच्या चार समांतर लढायांचा अभ्यास कसा करावा?

फार चांगला नमुना निवडलात. गंगन सैन्य मैदानात ढाल उभी करतं तिथपासून रोबो एकदम निपचित पडतात तिथपर्यंतचा तुकडा घ्या. चार धाग्यांना अक्षरं द्या : मैदान 'म', राजवाडा 'र', अंतराळ 'अ', दोन जेडाय आणि मॉल यांचं द्वंद्व 'द'. प्रत्येक वेळी धागा बदलला की वेळ, अक्षर आणि त्या तुकड्यात काय बदललं ते एका क्रियापदात लिहा : 'अडकले', 'सुटली', 'जखमी झाले'. क्रियापद सापडलं नाही तर ती ओळ कोरी ठेवा. 'म' आणि 'अ'मध्ये कोऱ्या ओळी जास्त निघतील.

मग कागदावर बाण काढा : कोणत्या धाग्याचा निकाल कोणावर अवलंबून? गंगन सैन्य शत्रूला शहराबाहेर खेचतं म्हणून पद्मे राजवाड्यात शिरू शकते. अंतराळातलं नियंत्रक यान उडालं तर मैदानातले रोबो बंद पडतात. 'द'मधून मात्र एकही बाण निघत नाही. मॉल जिंकला काय, हरला काय, ग्रहाचा निकाल तोच. १९८३च्या शेवटात तीन धागे होते आणि जंगलातली ढाल पडल्याशिवाय ताफ्याला हल्ला करता येत नव्हता. तिथले बाण काढून तुलना करा.

तिसरं काम सुरांचं. प्रत्येक तुकड्यासमोर गंभीर, थरारक, विनोदी यांपैकी एक शब्द लिहा. कच्चं संकलन पाहिल्यावर ध्वनिकार आणि संकलक बेन बर्ट यांनी नेमकं हेच बोट ठेवलं होतं : दीड मिनिटाच्या आत नायकाचा मृत्यू, सुटका, जार जारचा विनोद आणि अ‍ॅनाकिनचं परतणं. लुकस यांनीही काही ठिकाणी आपण जास्तच पुढे गेलो असू, अशी कबुली दिली. हे संभाषण २००१च्या डीव्हीडीवरच्या निर्मितीविषयीच्या माहितीपटात आहे, जरूर पाहा. धागे एकमेकांत इतके गुंतले होते की एक काढला तर बाकीचे सुटले असते. म्हणून हा प्रश्न लिहितानाच सोडवावा लागतो.

आता याच लढाईतला एक तुकडा वेगळा काढा. लाल किरणांची फाटकं बंद होतात आणि तिघं वेगवेगळ्या कप्प्यांत अडकतात. क्वाय-गॉन तलवार विझवून गुडघ्यावर बसतात आणि डोळे मिटतात. मॉल पिंजऱ्यातल्या जनावरासारखा येरझाऱ्या घालतो. मागे राहिलेला ओबी-वान फाटक उघडायची वाट बघत तडफडतो. संवाद शून्य, आणि तिघांचे स्वभाव पूर्ण कळतात. हा चित्रपट ज्यांनी केला त्यांना सगळं येत होतं, म्हणूनच बाकीच्याची चुटपुट लागते.

प्रश्न : सरावासाठी या चित्रपटाची पटकथा पुन्हा लिहायची आहे. कमीत कमी काय बदलावं?

तीन बदल करा, आणि प्रत्येक बदलाने काय मोडतं तेही लिहून ठेवा.

पहिला : टॅटुइनच्या वस्तीत ओबी-वानला पाठवा, क्वाय-गॉनना यानात ठेवा. दुकान, जेवण, शर्यत, पैज, सगळं ओबी-वानच्या वाट्याला. यात मोडतं काय? क्वाय-गॉनचा मुलावरचा विश्वास. तो परत बांधायला त्यांना भविष्यवाणी द्या : ते मुलाला ओळखत नाहीत, पण ग्रंथ ओळखतात. मग राजधानीतला वाद उलटा आणि अधिक खरा होतो. गुरू म्हणतात 'हाच तो', शिष्य म्हणतो 'मी याला ओळखतो, याला आईपासून तोडू नका'. गुरूच्या मृत्यूनंतर ओबी-वान मुलाला स्वीकारतो तेव्हा ती निव्वळ आज्ञा राहत नाही.

दुसरा : अ‍ॅनाकिनचं वय. लुकस यांनी आधी त्याला १२ वर्षांचा कल्पिला होता. आईपासूनची ताटातूट जास्त बोचावी म्हणून ते ९वर आणलं. ताटातूट बोचते, पण ९ वर्षांचा मुलगा निर्णय घेत नाही, त्याच्याबद्दल निर्णय घेतले जातात. पद्मे १४ची आहे. पुढच्या प्रेमकथेसाठीही १२ किंवा १३ हेच वय बरं. आईच्या निरोपाचं दृश्य आहे तसं ठेवा, ते उत्तम आहे.

तिसरा : अंतराळातली लढाई. क्वाय-गॉननी 'कॉकपिटमध्येच थांब' असं बजावलेलं असतं. चित्रपटात रोबोंवर गोळ्या झाडायच्या धडपडीत चुकीचं बटण दाबलं जातं आणि ऑटोपायलट त्याला वर घेऊन जातो. त्याऐवजी पद्मे अडकलेली त्याला दिसू द्या आणि आज्ञा मोडून त्याला स्वतः यान उडवू द्या. नवा सेट नको, नवं पात्र नको, फार तर दोन वाक्यं. पण आवडत्या माणसाला वाचवण्यासाठी आज्ञा मोडणारा हाच मुलगा २००५च्या भागात पद्मेला वाचवण्यासाठी सगळंच मोडतो. बी इथे पेरलं जातं.

कोणत्याही प्रीक्वेलसाठी सुरुवात मात्र एका यादीने करा. मूळ चित्रपटांत भूतकाळाबद्दल बोललेलं प्रत्येक वाक्य, ते कोण बोललं, आणि तो खोटं बोलत असू शकतो का, असं तीन रकान्यांत उतरवा. त्यातली दोन किंवा तीन वाक्यंच दाखवण्यासाठी निवडा. बाकीच्यांना हात लावू नका. सी-थ्रीपीओ हा रोबो अ‍ॅनाकिनने बनवला, ही जोडणी कोणी मागितली नव्हती; अशाने एवढी मोठी आकाशगंगा एका गल्लीएवढी होते.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीला मालिका दाखवायची आहे. क्रम कोणता आणि आवृत्ती कोणती?

प्रदर्शनाच्या क्रमाने दाखवा : चौथा, पाचवा, सहावा, मग पहिला, दुसरा, तिसरा. एपिसोड वनपासून सुरुवात केली तर १९८०च्या भागातला मालिकेतला सर्वांत मोठा धक्का वाया जातो. स्वतः दुसऱ्यांदा बघताना चौथा, पाचवा, मग पहिला ते तिसरा आणि शेवटी सहावा असा क्रम लावून बघा. व्हेडरचं गुपित फुटल्यावर भूतकाळ येतो आणि सहाव्या भागातला शेवट जड होऊन पोहोचतो. पहिला भाग पूर्ण वगळणारा क्रमही लोकप्रिय आहे, पण त्यात शर्यत आणि द्वंद्व दोन्ही हुकतात, म्हणून आम्ही तो सुचवत नाही.

आठ वर्षांच्या मुलांना 'फँटम मेनेस' सहसा आवडतो. पाण्याखालचे राक्षसी मासे, क्वाय-गॉनच्या शरीरातून आरपार जाणारी तलवार आणि मॉलचे होणारे दोन तुकडे, या तीन ठिकाणी जवळ बसा. २००५चा तिसरा भाग बराच हिंसक आहे, तो दोन-तीन वर्षं थांबवा.

१९९९ची चित्रपटगृहातली प्रत १३३ मिनिटांची. २००१च्या डीव्हीडीत शर्यत थोडी लांबली आणि राजधानीतला हवाई टॅक्सीचा छोटा प्रसंग आला. २०११च्या ब्लू-रेपासून कठपुतळीच्या योडाऐवजी डिजिटल योडा आहे आणि ऑनलाइन मिळते तीही तीच. पुढच्या भागांतल्या योडाशी चेहरा जुळतो, म्हणून मुलीला हीच दाखवा.

प्रश्न : जुन्या चित्रपटांशी यातल्या किती गोष्टी जुळत नाहीत?

ठळक तीन. १९८०मध्ये ओबी-वान म्हणतो की मला योडाने शिकवलं. इथे त्याचे गुरू क्वाय-गॉन आहेत. पुढच्या भागात योडा लहान मुलांचा वर्ग घेताना दिसतो, त्यामुळे हे कसंबसं सांधता येतं. १९७७मध्ये ओबी-वानला आपल्याकडे कधी रोबो असल्याचं आठवत नाही. आर-टू त्याच्या मालकीचा कधीच नव्हता, म्हणून हेही चालून जातं. सी-थ्रीपीओला काही आठवत नाही, कारण तिसऱ्या भागाच्या शेवटी त्याची स्मृती पुसली जाते. तिसरी विसंगती मात्र सांधली जात नाही : १९८३मध्ये ल्यूकची जुळी बहीण लिया त्याला सांगते की आई फार लहानपणी गेली, पण ती सुंदर, मायाळू आणि दुःखी असल्याचं आठवतं. २००५च्या भागात जुळ्यांना जन्म देताच पद्मे मरते.